नऊवारी, गॉगल आणि सक्षम बाई

निंबोणी : काल एका सद्गृहस्थांनी लिहिले की, २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ पाहायला नऊवारी नेसून, गॉगल लावून घोळक्याने गेलेल्या बायकांना सक्षमीकरण कळलेलेच नाही, सहा बहिणींनी शेवटी मंगळागौरीची स्पर्धाच खेळायची, तर १९८२ च्या ‘उंबरठा’तल्या सुलभा महाजनने घर सोडले कशासाठी? माझ्या आईने ‘उंबरठा’ तेव्हाच पाहिला होता आणि घरी येऊन ती एवढेच म्हणाली, “पण मुलीला मागे ठेवून गेली हो ती.” स्मिता पाटील पडद्यावर घराबाहेर पडत होती आणि आईचे लक्ष मागे राहिलेल्या पोरीकडे होते. तिला तुम्ही काय शिकवणार होतात?

सद्गृहस्थ : हीच तर माझी तक्रार आहे. सिनेमाहून परतल्यावर त्या रात्री कुकर कोणी लावला, तेवढे सांगा.

गावठी : कुकरचे राहू द्या, मंगळागौर मुळात कोणाची? श्रावणात आमच्या बायका भांगलणीला जात. फुगडी ठाऊक होती ती नागपंचमीची. ‘सैराट’मधली आर्ची बुलेट चालवते तेव्हा आम्ही शिट्ट्या मारल्या आणि घरी आल्यावर बहिणीने मोटारसायकलची किल्ली मागितली, तर ती मीच खिशात घातली.

सद्गृहस्थ : प्रत्येक चर्चेत जात आणलीच पाहिजे का?

गावठी : मी भांगलण म्हणालो, जात तुम्हाला ऐकू आली.

निंबोणी : मंगळागौर सगळ्यांची नव्हती, हे मान्य; आमच्या घरातसुद्धा ती सगळ्यांची नव्हती. माझी काकू चाळिशीत विधवा झाली आणि तेव्हापासून दर मंगळागौरीला बाहेर झिम्मा रंगत असताना ती आत मटकीची उसळ ढवळत बसे. ‘बाईपण भारी देवा’च्या मध्यंतरात चित्रपटगृहाच्या व्हरांड्यात बायकांनी फेर धरला, तेव्हा एका अनोळखी बाईने तिचा हात धरून तिला आत ओढले. कुंकू आहे की नाही, हे कोणी पाहिले नाही. मध्यंतर संपले तरी ती आत यायला तयार नव्हती, त्यामुळे पुढची दहा मिनिटे आम्ही दोघींनी पाहिलेलीच नाहीत.

सद्गृहस्थ : काकूंपुरते माझे शब्द मागे घेतो, पण सिनेमाला त्याचे श्रेय देणार नाही. गॉगलबद्दलचे मतही कायम आहे.

निंबोणी : काकूचा काळा चष्मा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा होता.