दुप्पट वेगाने गाणं लावून शूट केलं, तरी ओठ मागे पडतात

नवा_कॅमेरावाला:
मित्राच्या गाण्याचा व्हिडिओ करतोय. एका कडव्यात तो जिना उतरत गातो. चाल संथ दिसायला हवी, पण ओठ गाण्याबरोबर. म्हणून कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर ठेवला आणि गाणं दुप्पट वेगाने वाजवलं. संकलनाची टाइमलाइन सेकंदाला २४ फ्रेमची आहे, क्लिपही २४ वर इंटरप्रिट केली, म्हणजे तिच्या फ्रेम सेकंदाला २४ च्या वेगाने चालवायला सॉफ्टवेअरला सांगितलं. पहिली ओळ बरोबर बसते, कडवं संपेपर्यंत ओठ जवळजवळ सेकंदभर मागे. बाकी सगळे शॉट २५ चे आहेत. शिवाय प्रत्येक ठोक्यावर कट मारलाय, तरी जीव येत नाही. काय चुकतंय?

संकलक_ताई:
हिशोब करून बघ. २४ सेकंदांचं कडवं त्याने १२ सेकंदांत गायलं, म्हणजे ६०० फ्रेम. त्या २४ च्या वेगाने चालवल्या की २५ सेकंद होतात. तोच तुझा एक सेकंद. बाकीचे शॉट २५ चे असतील तर टाइमलाइनही २५ ची कर आणि क्लिप २५ वर इंटरप्रिट कर, बरोबर बसेल. क्लिप ५० चीच ठेवून वेग ५०% केलास तरी ओठ जुळतील, पण २४ च्या टाइमलाइनवर दर २५ फ्रेममागे एक गळते आणि जिना उतरताना तो झटका दिसतो.

ओठ जुळवताना प, ब, म शोध. तिथे ओठ मिटतात, त्यामुळे फ्रेम पक्की सापडते. ‘आ’वर जुळवत बसलास तर रात्र जाईल.

आता कट. गाणं किती बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला किती ठोक्यांचं आहे? १०० असेल तर २५ च्या टाइमलाइनवर एक ठोका १५ फ्रेमचा. दर १५ फ्रेमला कट आला की चौथ्या कटानंतर डोळ्याला पुढचा आधीच कळतो. मी गाणं कापायला घेते तेव्हा आधी आवाज बंद करून नुसत्या हालचाली बघते. पाय पायरीवर टेकतो, मान वळते, गायक ओळीआधी श्वास घेतो. तो श्वास तर कधीच कापू नकोस, गाणं तिथूनच सुरू होतं. पाय टेकण्याच्या दोन फ्रेम आधी कट मार आणि पाऊल नव्या शॉटमध्ये ठोक्यावर पडू दे.

ट्रॉलीवाला:
ताईंशी सहमत. शूटबद्दल एक सांगतो: दुप्पट वेगाचं गाणं गायकाला आधीच पाठव, पाठ होऊ दे. कोल्डप्ले बँडच्या ‘द सायंटिस्ट’चा व्हिडिओ उलटा चालतो, त्यासाठी त्यांचा गायक ख्रिस मार्टिन ते गाणं उलटं म्हणायला शिकला होता. आणि ५० फ्रेमला शटर १/१०० सेकंदावर ठेव.

नवा_कॅमेरावाला:
टाइमलाइन २५ ची केली, ओठ शेवटच्या शब्दापर्यंत जुळले! गाणं ९६ चं आहे. कडव्यातले कट काढत काढत सातवर आणलेत. श्वासाचा शॉट मी खराब म्हणून बाजूला टाकला होता, तो आता पहिला ठेवलाय.