जेरेमी कॉर्बिन : जुनी मढी किती उकरायची?

गवती चहा
२०२५ मध्ये ब्रिटनच्या लेबर (मजूर) पक्षाचे माजी नेते जेरेमी कॉर्बिननी खासदार झारा सुलतानांबरोबर नवा पक्ष काढायचं जाहीर केलं आणि जुनं दळण पुन्हा सुरू झालं. १९८४ साली कुणाला भेटले, २००९ मध्ये हमास-हिजबुल्लाला 'मित्र' का म्हणाले, वगैरे. अहो, हा माणूस १९८३ पासून लंडनच्या इस्लिंग्टन नॉर्थचा खासदार आहे. चाळीस वर्षं माइकसमोर उभ्या राहिलेल्या कुणाचीही भाषणं चाळा, अडचणीचं काहीतरी सापडणारच. त्याच १९८४ साली लंडनमधल्या दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीबाहेर वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं करताना पोलिसांनी त्यांना उचललं होतं. पुढे १९८७ मध्ये पंतप्रधान थॅचरबाई मंडेलांच्या पक्षाला दहशतवादी म्हणाल्या. मढी उकरायचीच तर सगळ्यांची उकरा.

लंडनकर
असहमत. ऑक्टोबर १९८४ मध्ये आयआरएने (उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडायला लढणारी सशस्त्र संघटना) ब्रायटनच्या हॉटेलात बॉम्ब फोडला, पाच माणसं गेली. त्यानंतर काही आठवड्यांतच कॉर्बिननी आयआरएच्या कारवायांत शिक्षा झालेल्या दोघांना संसदेत बोलावलं. याला मढं उकरणं म्हणत नाहीत. मेलेल्यांच्या घरची माणसं अजून आहेत.

गवती चहा
बोलणी सगळेच करत होते हो. पंतप्रधान जॉन मेजर यांचं सरकारही आयआरएशी गुपचूप संपर्क ठेवून होतं, ते १९९३ मध्ये उघड झालं. कॉर्बिन उघडपणे बोलले, एवढाच त्यांचा गुन्हा.

लंडनकर
सरकार बोलत होतं ते बंदुका खाली ठेवायला लावण्यासाठी. कॉर्बिन एकाच बाजूच्या व्यासपीठावर दिसायचे. शांततेची एवढी कळकळ होती, तर उत्तर आयर्लंडबाबत ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या १९८५ च्या अँग्लो-आयरिश कराराविरुद्ध मत का दिलं?

सदाफुली
तुमचं आयर्लंड चालू द्या. मला खटकतं ते भित्तिचित्र. पूर्व लंडनमधली एक भिंत. सूट घातलेले म्हातारे पटावर पैशांचा खेळ मांडून बसलेत आणि तो पट उघड्या माणसांच्या वाकलेल्या पाठींवर टेकवलाय. त्यातले काही चेहरे सरळसरळ ज्यूंच्या जुन्या, द्वेषाने काढलेल्या व्यंगचित्रांतले. २०१२ मध्ये चित्रकाराने फेसबुकवर लिहिलं की हे पुसणार आहेत. खाली कॉर्बिन विचारतात, का? वर अमेरिकन धनाढ्य रॉकफेलरने दिएगो रिव्हेरा या चित्रकाराचं भित्तिचित्र कसं पाडलं त्याचा दाखला (रिव्हेराचं नावही चुकवून). २०१८ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या खासदार ल्युसियाना बर्जर यांनी जाब विचारला तेव्हा म्हणाले, नीट पाहायला हवं होतं. एरवी अन्याय शंभर कोसांवरून दिसतो, हा नाकासमोरचा दिसला नाही?

तिरकस
थोडं कॉर्बिननंतर लेबरचे नेते झालेल्या कीर स्टार्मरांबद्दलही बोला. २०१६ ते २०२० कॉर्बिनच्या शॅडो कॅबिनेटमध्ये (विरोधी पक्षाचं प्रति-मंत्रिमंडळ) मांडीला मांडी लावून बसले. कॉर्बिन पंतप्रधान व्हावेत म्हणून मतं मागितली. भूतकाळ तेव्हाही तोच होता. खुर्ची मिळाल्यावर चष्म्याचा नंबर बदलला.

मिरज जंक्शन
आपल्याकडेही हे सोयीनेच चालतं. सप्टेंबर २०१९ मध्ये लेबरच्या अधिवेशनात काश्मीरवर ठराव झाला आणि कॉर्बिन भारतद्वेष्टे ठरले. मे २०२२ मध्ये राहुल गांधींचा त्यांच्याबरोबरचा फोटो आल्यावर भाजपने गदारोळ केला, तर काँग्रेसने मोदी-कॉर्बिन भेटीचा २०१५ चा फोटो काढून दाखवला. ब्रिटनमध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून हेच गृहस्थ दलितांच्या बाजूने उभे होते, ते दोघांनाही आठवलं नाही.

सदाफुली
मिरजकर, ते चांगलंच. पण २९ ऑक्टोबर २०२० चं काय? पक्षात ज्यू सदस्यांच्या बाबतीत कायदा मोडला गेला, असा ब्रिटनच्या समानता आयोगाचा अहवाल आला. त्या दिवशी गप्प राहून मान खाली घालायची. हे म्हणाले, विरोधकांनी प्रश्न फुगवला. त्याच दिवशी पक्षातून निलंबन. चुका सगळ्यांच्या होतात, पण चूक दाखवल्यावर माणूस आधी काय बोलतो ते मी बघते.

लंडनकर
+१. 'मित्र' शब्दाबद्दलही २०१६ मध्ये संसदेच्या समितीपुढे विचारल्यावर खेद निघाला. सात वर्षांनी.

गवती चहा
तरी २०२४ च्या निवडणुकीत अपक्ष उभे राहून लेबरलाच ७,२४७ मतांनी हरवलं. तिथल्या लोकांना हे सगळं ठाऊक होतं. भित्तिचित्राचं पटलं, सदाफुली. तिथे मी वकिली करणार नाही. आयआरएचं अजून पटलेलं नाही. १९८५ च्या मतदानावेळी त्यांनी सभागृहात काय कारण दिलं ते वाचतो आणि मग लंडनकरांशी भांडतो.