निनावी तक्रारीसाठी व्हीपीएन पुरेल का?

खाडीकाठ: मालवण तालुक्यातलं गाव. रात्री होड्या लावून खाडीत वाळू उपसतात. फोटो काढलेत, तहसीलदारांना निनावी मेल करायचा विचार आहे. उपसा करणारे गावातलेच, नाव फुटलं तर राहणं कठीण. भाचा म्हणतो, फुकटातला व्हीपीएन टाक नि इन्कॉग्निटोमधून पाठव. कुठला घेऊ?

सुपारीवाला: इन्कॉग्निटो विसरा. त्यात फक्त तुमच्या फोनवर हिस्ट्री उरत नाही, नेट कंपनीला नि साइटला तुमचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, दिसतोच. व्हीपीएन म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणं; तो घेतलात की नेट कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्यावर भरवसा टाकायचा, एवढाच फरक. फुकटवाल्याचं पोट कशावर चालतं ते आधी बघा. शिवाय एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) व्हीपीएनवाल्यांना आदेश आला : ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी ५ वर्षं जपून ठेवा. त्यावर एक्सप्रेस, नॉर्ड, सर्फशार्क या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले.
आणि हो, व्हीपीएन लावून रोजच्याच जीमेलवरून पाठवणारे महाभाग मी पाहिलेत!

रात्रपाळी: मग टोर घ्या, ओळख लपवणारा ब्राउझर. मजकूर तीन टप्प्यांतून फिरतो, कुणा एकाला दोन्ही टोकं दिसत नाहीत.

सुपारीवाला: टोर चांगलंच आहे. पण डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका पोराने परीक्षा टाळायला टोरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. विद्यापीठाने आपल्या वायफायवर त्या सुमारास टोर कोण वापरत होतं ते काढलं, पोरगा सापडला. टोर फुटलं नव्हतं, वापरणारेच मोजके होते.

माहेर_वेंगुर्ला: खाडीकाठ, तुमच्या गावात तर संशय घ्यायला माणसंही तेवढी नाहीत. फोटो कुठून काढलेत? फोटोच्या फाइलमध्ये काढल्या जागेचं जीपीएस असू शकतं. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ते निघून जातं, मेलला जोडलेल्या फाइलमध्ये मात्र राहू शकतं. ते पुसाल हो, पण होडी कुठल्या बाजूने दिसते त्याचं काय? याआधी या विषयावर उघड कोण बोललंय?

खाडीकाठ: फोटो आमच्या मांगराकडून (शेतातल्या खोपटाकडून) काढलेत. ग्रामसभेत मीच बोललो होतो.

रात्रपाळी: 🙏

माहेर_वेंगुर्ला: मग अॅप शोधत बसू नका. गावाचं मुंबईत मंडळ असेल ना? त्यांच्या लेटरहेडवर, पाच-पंचवीस चाकरमान्यांच्या सह्यांनी अर्ज जाऊ दे. फोटो नकोत. जागा, वेळ, होड्या किती, एवढं पुरे. मजकूरही त्यांनाच लिहू दे, तुमची भाषा गाव ओळखतं.

खाडीकाठ: मंडळाचा सेक्रेटरी माझा चुलतभाऊ.

माहेर_वेंगुर्ला: मग सही अध्यक्षांची घ्या. आणि गणपतीआधी नको, सगळे गावात असतील तेव्हा डोकी फुटायची.