सणक, ठणका आणि ‘नस दबणे’

प्रश्न : चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसावा तशी वेदना पुनःपुन्हा उठते, त्या ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’ला ‘त्रिशाखी मज्जातंतुशूल’ म्हटलेले वाचले. बोलीत यासाठी नेमका शब्द कोणता?

उत्तर १ : मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूच्या कपाळ, गाल आणि खालचा जबडा यांकडे जाणाऱ्या तीन शाखा असतात, म्हणून ‘त्रिशाखी’ योग्यच आहे. रुग्णाच्या तोंडी मात्र ‘सणक’ हा शब्द अधिक चपखल बसतो. ठणका तासन्‌तास राहतो. सणक मात्र क्षणात उठते, फार तर दोनेक मिनिटे टिकते आणि तोंड धुताना, दात घासताना, घास चावताना किंवा गार वाऱ्याच्या झुळुकीनेही पुन्हा उठते. हा भेद वैद्यकातही मोलाचा आहे, कारण ‘दाढ ठणकते’ एवढेच सांगितल्यामुळे निरोगी दात काढले गेले आणि वेदना जिथल्या तिथे राहिली, असे या आजारात पुष्कळदा घडते.

उत्तर २ : ‘नस दबली’ हा प्रयोगही चुकीचा नाही, पण मराठीत ‘नस’ म्हणजे रक्तवाहिनीही आणि मज्जातंतूही, त्यामुळे कोणी कोणाला दाबले ते कळत नाही. बहुतेक रुग्णांमध्ये मेंदूच्या तळाशी एखादी धमनी या मज्जातंतूच्या मुळाशी घासते आणि त्यावरचे आवरण झिजते. क्वचित गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंवरचे आवरण नष्ट करणारा आजार) हे कारण असते, म्हणून एमआरआय करतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही. पहिले औषध कार्बामाझेपीन, म्हणजे मुळात अपस्माराचे. ‘मला फिटची गोळी का दिली?’ हा रुग्णाचा प्रश्न त्यामुळे स्वाभाविक आहे. मात्रा हळूहळू वाढवतात, रक्तातील सोडियम तपासतात, आणि अंगावर पुरळ उठल्यास तत्काळ डॉक्टरांना कळवावे लागते. औषध पुरेनासे झाले तर शस्त्रक्रियेने धमनी आणि मज्जातंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात; उतारवयात किंवा प्रकृती साथ देत नसल्यास सुईने उष्णता देण्याचा वा किरणोपचाराचा पर्याय असतो, मात्र त्यानंतर गाल बधिर होऊ शकतो.

प्रश्नकर्ता : मग याला ‘चेहऱ्याचा लकवा’ म्हणता येईल का?

उत्तर २ : नाही. लकव्यात सातवा मज्जातंतू बिघडतो, तोंड वाकडे होते. येथे चेहरा हलतो, फक्त हलवायची भीती वाटते. आयुर्वेदातील ‘अर्दित’ हे नावही त्या लकव्याचे आहे. या वेदनेशी सुश्रुतसंहितेतील ‘अनंतवात’ हा शिरोरोग जोडला जातो.