पँट्रीसाठी वॉक-इन कूलरचं (आत चालत जाता येतं अशा फ्रीजच्या खोलीचं) अनुदान: घ्यावं की नको?

आजोळ (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी. मी चार वर्षं दर शनिवारी इथल्या एका चर्चच्या मागच्या हॉलमधल्या फूड पँट्रीत जाते. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम आणि पँट्री म्हणजे गल्लीतलं रेशन दुकान, फक्त गल्ला नसलेलं. आमच्याकडे लोकांनी दिलेले दोन घरगुती फ्रीज आहेत आणि एक आडवा फ्रीजर, ज्याचं झाकण विटेखाली दाबून ठेवावं लागतं.

दुकानातून उरलेला माल गुरुवारी संध्याकाळी येतो, आम्ही वाटतो शनिवारी सकाळी. जुलैच्या शेवटी स्ट्रॉबेरीची २२ खोकी आली. फ्रीजमध्ये मावली सहा. शनिवारी एक खोकं उचललं तर तळातून तांबडं पाणी माझ्या चपलांवर आणि वर पांढरी लव. ११ खोकी हिरव्या डब्यात गेली. ती टाकत असताना रांगेतली एक पोर आईला विचारत होती, "त्या का टाकतायत?" मी मान वर केली नाही.

२०२२ पासून राज्याच्या एसबी १३८३ कायद्याने सुपरमार्केटांना उरलेलं खाण्याजोगं अन्न टाकता येत नाही, ते आमच्यासारख्यांना द्यावं लागतं. २०२४ पासून मोठी हॉटेलं, रेस्टॉरंटंही त्यात आली. माल वाढला, हॉल तेवढाच राहिला. कॅलरिसायकल या राज्याच्या कचरा खात्याच्या अनुदानातून पँट्र्यांना फ्रीज, फ्रीजर, गाड्या मिळालेल्या आहेत. म्हणून आमच्या कमिटीने ठरवलं, आठ बाय दहा फुटांचा वॉक-इन कूलर मागायचा. अर्ज मी लिहायचा, कारण "तू बँकेत होतीस ना!" (सांगलीच्या बँकेत पासबुकं भरत होते, बाई!)

कुणी असा अर्ज केलाय का? आत काय काय दडलेलं असतं?

ओकलंडकर

ताई, केलाय. पहिली गोष्ट, हॉल तुमचा आहे का? कूलर जमिनीला ठोकला की तो इमारतीचा झाला. चर्चचं संमतीपत्र आणि निदान काही वर्षांचा लेखी करार हातात नसेल तर अर्ज उघडूही नका.

दुसरं म्हणजे असे सरकारी पैसे बहुतेक वेळा आधी खर्च करा, पावत्या द्या, मग मिळतात. मधले महिने कोण भागवणार? शहराचा परवाना, इलेक्ट्रिशियन, पाण्याचा निचरा हे कोटेशनमध्ये आधीच घालून घ्या. आमच्या विजेच्या पॅनलमध्ये जागाच नव्हती, तिथेच दीड महिना गेला. आणि मशीन अनुदानातून आलं तरी विजेचं बिल दर महिन्याला तुम्हालाच येणार.

तुमच्या बाजूची गोष्ट अशी की त्याच कायद्याखाली काउंटी आणि शहरांना वाचवलेलं अन्न ठेवायला जागा किती आहे, किती कमी पडते, हे मोजून नियोजन करावं लागतं. तेव्हा आधी शहराच्या कचरा विभागात जाऊन बसा. तुमची अडचण ही त्यांच्या कागदावरचीही अडचण आहे. जाताना दर महिन्याला किती पौंड आलं, किती टाकलं, हा हिशोब न्या. दुकानाशी लेखी करार आणि पौंडांची नोंद तशीही कायद्यातच आहे.

बेस्ट बाय तारीख उलटलेले डबेही टाकता का? ती तारीख चवीची असते, विषाची नाही. केंद्राच्या कायद्याने तारीख सक्तीची आहे ती फक्त तान्ह्या बाळांच्या फॉर्म्युल्यावर, तो मात्र तारखेनंतर देऊ नका. बाकी चांगल्या हेतूने दिलेल्या अन्नासाठी १९९६ चा गुड समॅरिटन कायदा खटल्यांपासून देणाऱ्यालाही सांभाळतो आणि तुम्हालाही.

बेदाणा

मी तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला १८ वर्षं होतो, आता मुलाकडे सॅन होजेत. काकू, एक सांगा, गुरुवारी माल येतो तेव्हा किती गरम असतो? कुणी थर्मामीटर लावलाय?

कूलर थंड मालाचा थंडपणा राखतो. गरम खोकी एकावर एक रचून आत ढकलली तर मधली रात्रभर गरमच राहतात आणि आधीचा माल बिघडवतात तो वेगळाच. भिंतीपासून वीतभर सोडायची, खाली पॅलेट, खोक्यांमध्ये वारा फिरला पाहिजे, दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. आमच्याकडे हमाल दार उघडं टाकून विडी ओढायला गेला की मालक त्याच्या पगारातून नाही, माझ्या कानातून वसूल करायचे.

आणि एका खोलीत सगळं नांदत नाही. स्ट्रॉबेरीला ३२ फॅरनहाइटच्या आसपास बरं वाटतं, केळी तिथे काळी पडतात, टोमॅटोची चव जाते. सफरचंदाशेजारी पालक ठेवलात तर पिवळा पडतो. कांदे-बटाटे बाहेरच, तेही एकमेकांपासून लांब. दूध मात्र ४१ च्या वर जाता कामा नये.

तिरकसराव

माल गुरुवारी येतो तर गुरुवारीच वाटा की. त्याला अनुदान लागत नाही.

आजोळ

तिरकसराव, वाचून आधी राग आला. मग जाऊन विचारलं. गुरुवारी हॉलमध्ये कराटेचा क्लास असतो, एवढंच कारण निघालं! चार वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. पार्किंगमध्ये टेबल लावून सहा ते साडेसात मऊ फळं आणि पालेभाजी द्यायची परवानगी मिळाली. कालच्या पहिल्या गुरुवारी ३१ घरं आली. पीचच्या खोक्यात एकही उरलं नाही.

बेदाणादादा, तुमच्या सांगण्यावरून थर्मामीटर लावला. दही ५८! दुकानात थंडच होतं, पण आमचा स्वयंसेवक वाटेत मुलाला सॉकरवरून घेऊन येतो आणि तेवढा वेळ क्रेट डिकीत. तो बिचारा ओशाळला. दही टाकावं लागलं. आता झाकणाच्या थर्मल पेट्या आणि बर्फाच्या पिशव्या घेतोय.

चर्चने करार एकाच वर्षाचा देऊ केला, त्यामुळे वॉक-इन बाद. चाकांचे दोन दारांचे दोन व्यावसायिक फ्रीज मागतोय. साध्या ११५ व्होल्टवर चालतात आणि उद्या हॉल सोडावा लागला तर ढकलत नेता येतील. कमिटीतल्या दोघांचं तोंड उतरलं, वॉक-इनपुढे फोटो काढायचा होता बहुतेक.

ओकलंडकर, पौंडांचा हिशोब गेल्या शनिवारपासून सुरू केला, पण बाथरूमच्या काट्यावर. खोकं ठेवलं की आकडाच झाकला जातो, म्हणून मी खोकं घेऊन उभी राहते आणि माझं वजन वजा करतो आम्ही. माझं वजन आता सगळ्या पँट्रीला पाठ झालंय. कुणाकडे प्लॅटफॉर्म काटा पडून असेल तर कृपया सांगा. मिलपिटास, युनियन सिटी, हेवर्ड, कुठेही येऊन घेऊन जाईन. फक्त रविवारी, त्या दिवशी लेकाची गाडी मोकळी असते.