भावाभावांची पत्रे: व्यापाराची वेगळी आणि घरची वेगळी लावावीत काय?

बोरीकाठ, अमळनेर
आमच्या खापरपणजोबांची आडत अमळनेरास होती आणि त्यांचे धाकटे बंधू मुंबईस राहून रुईची विक्री पाहत. जुने घर उतरवताना माळ्यावर तारेला टोचलेल्या मोडी पत्रांचा जुडगा सापडला. पत्रे शके 1784 ते 1787 मधली आहेत, म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेची बंदरे रोखली गेल्याने तिकडचा कापूस इंग्लंडातल्या लिव्हरपूल बंदराला पोहोचेनासा झाला आणि आपल्या रुईला एकाएकी भाव आला, त्या वर्षांतली. एका पत्रात चार ओळी भाव व हुंडीची मुदत आहे, पाचव्या ओळीत बाळंतीण सुखरूप असल्याचे आहे आणि लगेच बारदानाचा तगादा आहे. घरच्यांचे म्हणणे असे की व्यापाराची आणि घरची अशा दोन फायली कराव्यात. त्याच काळात अमेरिकेतले व्यापारी भाऊ एकमेकांना कसे लिहीत, हे कोणी सांगितल्यास मला निर्णय करणे सोपे जाईल.

पांझराकाठ, धुळे
कृपया दोन फायली करू नयेत. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे व्यापारी अलेक्झांडर ब्राउन 1800 मध्ये आयर्लंडहून तेथे जाऊन तागाचे कापड विकू लागले. पुढे त्यांचे चार मुलगे चार ठिकाणी बसले: विल्यम लिव्हरपूलला, जॉन फिलाडेल्फियाला, जेम्स न्यूयॉर्कला आणि जॉर्ज वडिलांजवळ. कापूस, हुंड्या आणि जहाजे असा त्यांचा पसारा केवळ पत्रांवर चाले, कारण अटलांटिकखालून संदेश पाठवण्याची टिकाऊ तार 1866 मध्ये पडली. अशा घरात भावाची प्रकृती हीसुद्धा पेढीचीच बातमी असते. अलाबामात कापसाचा व्यापार करणाऱ्या लेहमन बंधूंपैकी थोरले हेन्री 1855 मध्ये न्यू ऑर्लिन्सला पिवळ्या तापाने वारले, तेव्हा उरलेल्या दोघांसाठी दुःख आणि व्यवहार यांत रेघ कोठे ओढणार?

दुसरे कारण टपालाचे आहे. 1845 पर्यंत अमेरिकेत टपालाचा दर कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर होता. चारशे मैलांपलीकडे एका कागदाला 25 सेंट पडत आणि पाकीट घातले तर तोही एक कागद धरला जाई. म्हणून माणसे एकच कागद भरून लिहीत, जागा संपली की तो आडवा धरून लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा लिहीत, आणि तोच दुमडून लाखेने बंद करीत. आपल्याकडे 1854 पासून पाव तोळ्याला अर्धा आणा हा दर अंतर न पाहता लागू झाला, तरी वजनाची काळजी होतीच. आपल्या पत्रांचा कागद पातळ आणि ओळी दाट असतील, तर कारण हेच असावे.

तापीकाठ, भुसावळ
एका पत्राची भर घालतो. अब्राहम लिंकन यांनी 4 नोव्हेंबर 1851 रोजी आपले सावत्र भाऊ जॉन जॉन्स्टन यांना लिहिले, कारण ते राहती जमीन विकून मिसुरीला निघाले होते. लिंकन त्यांना आळस सोडण्यास बजावतात, आणि त्याच पत्रात पूर्वेकडील चाळीस एकर आई हयात असेपर्यंत तिच्यासाठी राखून ठेवीन, कोणी कसली नाही तर खंडाने लावून तिचा निर्वाह होईल, असेही ठरवतात. वाटणीचे वाद आपल्याही गावात याच सुरात चालतात. यातला आईचा मजकूर काढून घेतला, तर जमिनीचा मजकूर कळतच नाही.

पांझराकाठ, धुळे
एक महत्त्वाचे लिहायचे राहिले. पत्रे तारेवरून काढण्यापूर्वी प्रत्येकाला पेन्सिलीने क्रमांक द्यावा आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. पेढीवर पत्र आले की ते तारेला टोचत, त्यामुळे तारेवरचा क्रम हा पत्रे हाती आल्याचा क्रम आहे आणि तिथींपेक्षा तो कधी कधी अधिक सांगतो. अमेरिकन व्यापारी पत्र घडी घालून पाठीवर आल्याची व उत्तर दिल्याची तारीख टिपत. आपल्याकडे ते काम बरेचसे ही तार करते. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कटाक्षाने टाळावे. मोडी वाचनासाठी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करावी.

आणि तारेवर जे नाही तेही पाहावे. त्या काळी अमेरिकेत दुखवट्याचे पत्र काळ्या काठाच्या कागदावर लिहीत आणि पुष्कळ घरांत ते जपून ठेवीत. आपल्याकडे मृत्यूची वार्ता आलेले पत्र वाचून लगेच फाडून टाकत, ते घरात ठेवत नसत.

बोरीकाठ, अमळनेर
आपले उत्तर वाचून मी रात्रीच तार उजेडात धरली. क्रमांक देऊन झाले आहेत, एकूण एकशे बारा. शके 1786 च्या भाद्रपदापासून जवळजवळ दोन महिने मुंबईचे एकही पत्र नाही, मात्र तारेवर त्या जागी कागदाचा नखाएवढा तुकडा भोकासह अडकून राहिला आहे. आधीच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी धाकट्यांनी 'सौ. वहिनीस साष्टांग नमस्कार' लिहिले आहे. कार्तिकातल्या पत्रात भाव आहे, गाठींची संख्या आहे, 'मुलांस जपावे' असे आहे, आणि ती ओळ नाही. तो तुकडा मी जागेवरच ठेवला आहे आणि त्याला एकोणसत्तर हा क्रमांक दिला आहे.