दुपारीच ओव्हरलोड रिले पडतो, मदत हवी आहे

विहिरीवर ५ एचपीची थ्री-फेज मोटार आहे, डीओएल स्टार्टर (मोटार थेट लाइनवर सुरू करणारा). सकाळी बिनबोभाट चालते, दुपारी मात्र थोड्याच वेळात ओव्हरलोड रिले (जास्त करंट आला की मोटार बंद करणारा) ट्रिप होतो. क्लॅम्प मीटर लावला तर तिन्ही फेजना ७ अँपिअरच्या आसपास करंट, रिलेचं सेटिंग ७.५. म्हणजे सिंगल फेजिंगही (एखादी फेज जाणं) नाही.

माझा संशय स्टार्टरच्या पेटीवर आहे. पत्र्याची पेटी दिवसभर उन्हात, हात लावला की चटका बसतो. रिलेतल्या बायमेटल पट्टीत दोन धातू घट्ट जोडलेले असतात. तापल्यावर एक जास्त पसरतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी कमी पसरणाऱ्याकडे वाकते आणि ट्रिपची दांडी ढकलते. उष्णता करंटची की उन्हाची, हे तिला कुठलं कळायला! ट्रिप झाल्यावर लगेच रिसेटही होत नाही, पट्टी निवावी लागते.

वायरमन म्हणतो, सेटिंग ९ वर ने. मला पटत नाही. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. खरंच ओव्हरलोड आला तर वाइंडिंग जळायचं.

भोवतालच्या तापमानाची भरपाई करणारा रिले कोणी बसवलाय का? जुन्या स्टार्टरमध्ये बसतो का? की पेटी सावलीत हलवून भागेल? रिलेचे स्क्रू ढिले असले तरी तिथे तापतं म्हणतात, तेही कसं तपासायचं सांगा.